किबल्याकडचा ध्रुव

आमच्या घरात आभाळाचा विषय जेवताना निघायचा. बाकीच्यांच्या घरी भाजीतल्या मिठाचा नाहीतर पाहुण्यांच्या लग्नाचा विषय निघत असेल; आमच्या अब्बांना पहिला घास तोंडात गेला की विश्व आठवायचं. दस्तरखान अंथरलेलं, बाजरीच्या भाकरी फडक्यात गुंडाळून मध्ये ठेवलेल्या, शुक्रवार असला तर डालचा, एरवी पातळ वरण आणि लसणाची चटणी. अम्मी अजून चुलीपाशीच असायची आणि अब्बा नसीरभाईकडे वळून विचारायचे, "आज कालेजात काय शिकिवलं? ते आपल्यात हाय का?" 'आपल्यात' म्हणजे कुराणात. नसीरभाई माझा थोरला भाऊ, नाशकातच भौतिकशास्त्र शिकत होता. त्याने मान हलवली की अब्बांना भाकरी गोड लागायची. अम्मी म्हणायची, आधी जेवा, आभाळ कुठं पळून चाललंय.

आम्ही मूळचे दिंडोरीकडचे. घरात मराठीच बोलायचो, त्यामुळे जुन्या नाशकातल्या आमच्या उर्दू बोलणाऱ्या गल्लीत आम्हाला गावाकडचे म्हणून थोडं चिडवलं जाई. दोन खोल्या, मागे मोरी, पुढे ओटा. पलीकडच्या आळीत तांब्याची भांडी घडवणाऱ्यांची ठोकाठोक दिवसभर चाले, आणि ती थांबली की कानांना चुकल्यासारखं होई. अब्बा पेंटर. द्राक्षवाल्यांची गोदामं, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, दुकानांच्या पाट्या, घरं, जे मिळेल ते रंगवायचे. त्यांच्या अंगाला टर्पेंटाईनचा वास कायमचा चिकटलेला होता. ईदच्या नव्या कपड्यांवर अत्तर लावलं तरी तो खालून डोकवायचाच. शाळा त्यांनी लहानपणीच सोडली होती आणि त्याची खंत त्यांच्या बोलण्यातून सारखी दिसायची. शिकलेल्या माणसासमोर ते टोपी सरळ करायचे, मग तो माणूस त्यांचा स्वतःचा मुलगा का असेना.

त्या काळात कॅसेटवर भाषणं यायची. विज्ञानाने आत्ता शोधलेलं सगळं किताबात आधीच कसं सांगून ठेवलंय, अशी. अब्बा रंग कालवताना ती लावायचे आणि ठरावीक ठिकाणी काडी थांबवून "सुभानअल्ला" म्हणायचे. मला त्यात काही हसण्यासारखं वाटत नसे, आजही वाटत नाही. ज्याला पुस्तकातलं आयुष्यभर दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागलं, त्याला आपल्याही घरात एक मोठं पुस्तक आहे आणि त्यात सगळं आहे, याचा केवढा आधार वाटत असेल. नसीरभाईलाही सुरुवातीला मजा यायची. विश्व पसरतंय हे शिकला तेव्हा तो धावत ओटा चढून आला होता आणि दोघांनी मिळून त्याबद्दलची कुराणातली आयत शोधली होती. त्या दिवशी अम्मीने गुळाचे गुलगुले केले. बापलेक आभाळाबद्दल बोलत होते आणि मी गुलगुले मोजून घेत होते. आमच्या घराचं सुख मला आठवतं ते असं.

बिनसलं ते सात आभाळांवरून. कुराणात सात आसमान सांगितलेत, एकावर एक, थराथराने. कॅसेटवाल्याने सांगितलं की वातावरणाचे थरही सातच. अब्बांनी भाईला विचारलं. भाईच्या पुस्तकात पाच होते. अब्बा म्हणाले, ओझोनचा थर धर ना, आणि तो रेडिओवाला थर. भाईने धरले. सात झाले. अब्बांचा चेहरा उजळला, आणि नेमकं तेव्हाच भाई ताटाकडे बघत म्हणाला, "असे मोजायचे म्हटले तर मी आठही काढून देईन, अब्बा. नऊपण. उत्तर आधी ठरवून बसलो की काहीही मोजता येतं."

हातातला तुकडा अब्बांनी चटणीत बुडवला आणि बराच वेळ तिथेच धरून ठेवला. पुढच्या शुक्रवारी भाई जुम्म्याच्या नमाजला गेला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. अब्बांनी विचारणं थांबवलं. भांडण असं झालंच नाही. झालं असतं तर बरं, ते मिटवता तरी येतं. दोघं एकाच दस्तरखानावर बसत आणि मीठ हवं असलं तरी माझ्याकडून मागत. अम्मी रोज काहीतरी भाईच्या आवडीचं करायची आणि ते अब्बांसमोर आधी ठेवायची, म्हणजे अब्बांनी ते पुढे सरकवावं. अब्बा ते माझ्याकडे सरकवत. मी त्या वर्षात जाड झाले, एवढाच काय तो फायदा.

आता मी घोटीला एका शाळेत भूगोल शिकवते. वातावरणाचे थर हा धडा दरवर्षी येतो. मी फळ्यावर पाच काढते. आमच्या वर्गात एक तरी मूल असतं, जे नंतर खालच्या आवाजात विचारतं, मॅडम, सात नाहीत का? मी सांगते, परीक्षेत पाच लिही. याहून चांगलं उत्तर मला इतक्या वर्षांत सापडलेलं नाही.

मग मशिदीचं काम आलं. गल्लीच्या टोकाची मशीद लहानच होती. तिच्यावर नवा मजला चढवून घुमट बांधला आणि आतून रंगवायचं काम अब्बांना मिळालं. विश्वस्तांनी सांगितलं, आतून काहीतरी शोभेसारखं करा, फक्त माणूस, पाखरू, जनावर काही नको. अब्बा घरी आले ते आधीच सगळं ठरवून. किताबात लिहिलंय की सगळ्यांत जवळचं आभाळ दिव्यांनी सजवलंय. तर घुमटात तारे काढायचे. पण पाटीवर काढतात तसले पाच टोकांचे नाहीत, खरे, जिथल्या तिथे. ते अम्मीला सांगत होते, पण आवाज इतका मोठा होता की आतल्या खोलीत अभ्यासाला बसलेल्या भाईला ऐकू जावं. अम्मीला ते लगेच समजलं. ती म्हणाली, "मंग घरात कालेजवाला कशाला पोसलाय?"

त्या रात्रीच्या जेवणाला भाई स्वतःहून अब्बांशी बोलला. किती महिन्यांनी ते मला आठवत नाही, पण अम्मीच्या हातातला पळा तसाच थांबलेला आठवतो. भाई म्हणाला, "जवळच्या आभाळात दिवे आहेत असं लिहिलंय ना? मग दुर्बिणीतून दिसतं ते सगळं पहिल्याच आभाळात आलं. सगळ्या आकाशगंगा, सगळं. वरच्या सहांबद्दल विज्ञानाला काही माहीतच नाही. त्यामुळे तिथे भांडणच नाही." अब्बा हळूच म्हणाले, "म्हंजी आपण बघतो तो निस्ता शेवटचा हात?"

रंगाच्या एका थराला पेंटर लोक 'हात' म्हणतात. पहिला हात, दुसरा हात. भिंतीला दिसतो तो शेवटचा. आतले हात कुणी बघत नाही, पण ते नसले तर शेवटचा टिकत नाही. भाई हसला आणि म्हणाला, तसंच काहीसं. आणि अब्बांनी खरोखर तसंच करायचं ठरवलं. घुमटाला सहा रंगांचे सहा हात द्यायचे, प्रत्येक वाळला की वर दुसरा, जे कुणाला कधीच दिसणार नव्हते; आणि सातवा गडद निळा, त्यावर रुपेरी तारे. रंग जास्त लागणार होता तो त्यांनी पदरचा घातला. विश्वस्तांना सांगितलंच नाही. सांगणार काय, की तुमच्या घुमटात मी सहा आसमान लपवतोय म्हणून?

तो महिना आमच्या घरातला शेवटचा चांगला महिना. भाईने कॉलेजच्या लायब्ररीतून ताऱ्यांच्या नकाशांचं पुस्तक आणलं आणि हिवाळ्यातल्या संध्याकाळचं नाशिकचं आकाश एका मोठ्या कागदावर उतरवून दिलं. घुमटासारखाच गोल, वर चौकटी आखलेल्या, म्हणजे अब्बांना एकेक चौकट वर नेता यावी. घरी जमिनीवर तो कागद पसरून दोघं गुडघ्यांवर बसायचे. भाई सांगायचा हा तांबडा तारा मोठा काढा, हे ताऱ्यांचे झुबके जवळजवळ ठेवा. अब्बा विचारायचे याचं नाव काय, आणि नाव अरबीतलं निघालं की त्यांना कोण आनंद. आपल्याच लोकांनी ठेवलेली नावं हायेत की, असं ते मला दोनदा येऊन सांगून गेले. नमाज खालच्या मजल्यावर चालू होती आणि वर काम, म्हणून दुपारचा डबा घेऊन मला आत जाता यायचं. अब्बा परांचीवर उताणे झोपून रंगवायचे, पायांची दिशा सांभाळून, किबल्याकडे पाय होऊ नयेत म्हणून. किबला म्हणजे नमाजची दिशा, आमच्याकडे पश्चिम. खाली उतरले की त्यांच्या भुवयांवर निळे ठिपके असायचे आणि डब्यातला भात खाताना ते वरच बघत राहायचे.

परांची उतरवली त्या दुपारी अब्बांनी आम्हा सगळ्यांना बोलावलं. उद्यापासून तिथे नमाज सुरू होणार होती, मग बायकांना आत जाता येत नाही, म्हणून अम्मीला आणि मला ते परत दिसणार नव्हतं. खिडक्यांतून ऊन आत येत होतं. मी वर पाहिलं आणि खरं सांगते, किताबात आभाळाला खांब नसलेलं छत म्हटलंय, ते मला त्या दिवशी कळलं. निळ्याच्या खाली काहीतरी खोल आहे असं वाटत होतं, कदाचित मला सहा हात माहीत होते म्हणून. अम्मीने पदर डोक्यावरून सारखा केला आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटली. भाई मान मागे टाकून हळूहळू जागच्या जागी फिरत होता. मग तो थांबला.

"ध्रुव तिकडे कसा?"

इमाम उभे राहतात त्या कोनाड्याच्या बरोबर वर, घुमटाच्या कडेला, अब्बांनी ध्रुवतारा काढला होता. मोठ्या हौसेने, जरा जास्तच चमकवून.

"तिकडंच होता की कागदावर," अब्बा म्हणाले. "वरच्या बाजूला."

"वर म्हणजे उत्तर, अब्बा."

"मशिदीत वर म्हंजी किबला."

यात कुणाचंच काही चुकलं नव्हतं. भाईने कागदावर दिशा लिहिल्या नव्हत्या, कारण नकाशाची वरची बाजू उत्तर असते हे तो शाळेपासून इतका धरून चालत आला होता की ते लिहावं लागतं हे त्याच्या डोक्यात आलं नाही. अब्बांनी विचारलं नाही, कारण मशिदीत कुठलाही कागद धरला तर वरची बाजू किबल्याची, यात विचारायचं काय? सगळं आकाश पाव वळसा फिरलं होतं. उगवतीचे तारे उत्तरेला गेले होते आणि उत्तरेचा ध्रुव पश्चिमेला येऊन इमामांच्या डोक्यावर बसला होता. दोघांनी महिनाभर एकाच कागदावर डोकं घातलं होतं आणि दोघांची वरची बाजू वेगळी होती.

मला वाटलं भाई हसेल. अब्बांनाही तसंच वाटलं असणार, कारण ते थोडे हसायला लागलेच होते. पण भाईचा चेहरा बघून ते थांबले. भाई आवाज न चढवता म्हणाला, "तुम्हाला आभाळ आहे तसं कधी चालणारच नाही. ते तुमच्याकडे तोंड करून उभं राहिलं तरच खरं. सातचंही तेच केलंत, याचंही तेच."

"मी मुद्दाम केलं काय, नसीर?"

"मुद्दाम केलं असतं तर बरं झालं असतं," भाई म्हणाला. "तुम्हाला कळलंसुद्धा नाही."

अब्बा म्हणाले, परत हात मारतो. निळा पुन्हा देतो, पुन्हा काढतो, तू फक्त सांग कुठं काय ते. मी माझ्या बापाला कुठल्याही गिऱ्हाइकापुढे इतकं वाकलेलं पाहिलं नव्हतं. भाई म्हणाला, "नको. मशिदीला हेच बरोबर आहे," आणि चपला घालून निघून गेला. अम्मी त्याच्या मागे दारापर्यंत गेली. अब्बा तिथेच उभे राहिले, मान वर करून, जणू आकाश स्वतःहून फिरून जागेवर येईल.

अब्बांनी तरी मनाशी धरलं होतं की ईदनंतर परांची बांधून दुरुस्त करायचं. भाई घरी फक्त झोपायला यायचा, तरी अब्बा तो कागद काढून बसत. त्यांनी त्याच्या चार बाजूंना पेन्सिलने चार दिशा लिहिल्या, अम्मीला विचारून विचारून. मला तेव्हा आशा होती. आज त्या आशेची मला कीव येते.

दुरुस्तीची वेळ आलीच नाही. लोकांनी नमाज पढायची सोडून वर बघायला सुरुवात केली. मुलं बोटं दाखवायची, म्हातारे सजद्यात कपाळ टेकून उठताना मान वर करायचे. नमाजमध्ये नजर आभाळाकडे नेऊ नये अशी सक्त ताकीद आहे. दोन-तीन जुन्या माणसांनी तक्रार केली आणि एका संध्याकाळी इमामसाहेब स्वतः आमच्या ओट्यावर आले. फार सज्जन माणूस. अम्मीने चहा दिला, तो त्यांनी गार होऊ दिला. अब्बांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पण किताबात लिहिलंय ना, वर बघा, फिरून बघा, कुठं भेग दिसती का बघा?"

"लिहिलंय," इमामसाहेब म्हणाले. "नजर थकून परत येईल, असंही लिहिलंय. नमाजच्या बाहेर बघा, रशीदभाई. तुमचं काम वाईट आहे म्हणून मी आलो नाही. चांगलं आहे म्हणून आलोय."

घुमट पांढरा करायचं काम दुसऱ्या कुणाला देऊ का, असं त्यांनी विचारलं. अब्बा नाही म्हणाले. ऑइल पेंटवर पांढरा नुसता लावला तर धरत नाही. आधी पॉलिश पेपरने घासून निळा खरबरीत करावा लागतो. अब्बा पुन्हा परांचीवर उताणे झोपले आणि एकेक तारा घासला. घरी यायचे तेव्हा भुवयांवर, पापण्यांवर, मिशीत निळी-रुपेरी भुकटी बसलेली असे. अम्मी मोरीत पाणी ओतायची आणि ते तोंड धुवायचे, आणि ते पाणी वाहून जाताना मी बघत बसायचे. नसीरभाईला हे सगळं माहीत होतं. त्या दिवसांत एकदा तरी तो मशिदीत जाऊन उभा राहील असं अम्मीला वाटत होतं. तो गेला नाही. अब्बांनी बोलावलंही नाही.

पांढरा झाल्यावर घुमट छान दिसतो, असं सगळे म्हणाले.

भाई पुढच्या शिक्षणासाठी पुण्याला गेला, तिथून बंगलोरला. नोकरी लागली, लग्न झालं. सुरुवातीला ईदला यायचा, मग फोन यायला लागले, मग फोनही अम्मीच लावायची. अब्बा रिसीव्हर घेऊन तब्येत विचारायचे, पाऊसपाणी विचारायचे. जो प्रश्न त्यांनी जेवताना इतक्या वेळा विचारला तो त्यांनी परत कधी विचारला नाही. कॅसेटा त्यांनी एका पिशवीत बांधून माळ्यावर टाकल्या. पाच वेळची नमाज त्यांनी सोडली नाही, पण त्यात काय उरलं होतं ते त्यांनाच ठाऊक. एकदा मी धीर करून म्हटलं, अब्बा, दोन्ही आपापल्या जागी खरं असेल. ते म्हणाले, "आसंल. पण मला ते एका कागदावर पायजे होतं." मी त्यांची लेक आहे. रोजे ठेवते आणि पाच थर शिकवते. ते दोन्ही माझ्यातही कधी एका कागदावर आलेले नाहीत, आणि आता येतील असं वाटत नाही.

अब्बा गेले तेव्हा भाई आला. खांदा द्यायला वेळेत पोचला. जुहरची, म्हणजे दुपारची नमाज त्याच मशिदीत झाली आणि मग अंगणात जनाज्याची. आम्ही बायका घरीच होतो. मला कुणीतरी सांगितलं की नसीर जुहरलाही आत उभा होता, पहिल्या रांगेत, बरोबर कोनाड्यासमोर. इतक्या वर्षांनी त्याला सगळं आठवेल का, कधी वाकायचं, कधी बसायचं, याचीच मला काळजी लागली होती.

दफन करून माणसं परत आली. अम्मी आत बायकांमध्ये होती. भाई मोरीपाशी पायांवरची माती धूत होता आणि मी तांब्याने पाणी ओतत होते. मी विचारलं, "घुमटाकडे बघितलंस का?"

त्याने बराच वेळ पाय चोळले. माती केव्हाच निघून गेली होती.

"नमाजमध्ये वर बघत नाहीत, शमू," तो म्हणाला.

अब्बांनी हे ऐकायला हवं होतं की नको होतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.